आवतन दिलेली मोटार

“हिरालाल आला नाई अजून?” अण्णाजींनी ओसरीवरून विचारलं.

“येईन जी. काऊन घाई करून राह्यले?” रुख्माबाईंनी गोठ्यातून उत्तर दिलं.

घाई असणारच. अंगणात चिंचेखाली उभी असलेली लँडमास्टर मोटार आज आंजी गावातून कायमची जाणार होती. हिरालाल वर्धेचा, जुन्या मोटारी मोडून सुटे भाग विकणारा. सौदा झाला होता, चावीसुद्धा त्याच्याकडे दिली होती. गावात सकाळपासून सुतक पडल्यासारखं वाटत होतं. अण्णाजीही तोंड पाडून बसले होते, कारण लोक बघत होते. मनात मात्र नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

गावात मोटार एकच. घेतली अण्णाजींनी हौसेनं, पण बाप्पा, ती झाली गावाची! कोणाला साप चावला, चला अण्णाजी. कोणाची सून अडली, चला अण्णाजी. नवरदेव मिरवायचा, चला. ताटावर बसलं की दारात कोणीतरी हात जोडून उभं. नाही म्हणायची सोय नव्हती, शेवटी गावात राहायचं होतं. लेक नलू रोहण्याला दिलेली. तिच्याकडे कधी गेलंच, तर मागोमाग सायकलवर माणूस हजर.

“मोटार माही नाई, मीच मोटारीचा हाव,” असं ते बायकोजवळ म्हणायचे. दुसऱ्या कोणासमोर बोलायची त्यांची छाती नव्हती.

तशी रुख्माबाईंचीही फरफट होतीच. अडलेल्या बाईसोबत एखादी जाणती बाई लागते, म्हणून पुढच्या सीटवर दरवेळी त्याच. दवाखान्यात रात्र काढायची, परत येताना वर्धेच्या बाजारातून बाळाला टोपडं घ्यायचं, धाम नदीच्या पुलावर मोटार गरम झाली की उतरून पाणी बघत उभं राहायचं. नाहीतर पाटलाघरची बाई विनाकारण उंबरठा ओलांडत नसे. सासूबाईंची ही रीत त्या गेल्यावरही तशीच चालू होती.

“तुह्यीबी सुटका झाली आता,” अण्णाजी काल म्हणाले होते. “मी नलूकडे जातो येष्टीनं, महिनाभर राह्यतो. तू घर सांभाळजो.”

“हो,” रुख्माबाई म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

नेमका आज पोळ्याचा आदला दिवस, खांदशेकणीचा. पळसाच्या पानानं हळद-तूप लावून बैलांचे खांदे शेकून झाले आणि रुख्माबाई तेच पान घेऊन मोटारीसमोर आल्या. दोन्ही मडगार्डांवर त्यांनी हळद-तूप चोळलं. निरोप द्यायला जमलेल्या बायका गलबलल्या. पंचफुलानं पदर डोळ्यांना लावला. तिचा पोरगा याच मोटारीत झाला होता, दवाखान्याच्या फाटकाशी.

तेवढ्यात हिरालालचा ट्रक आला. त्यानं मोटार ओढून न्यायची साखळी खाली टाकली.

आणि रुख्माबाई वाकून मोटारीला म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

हे बैलांना म्हणायचे शब्द. उद्याच्या पुरणपोळीचं ते आमंत्रण.

“आता कशी न्यान जी?” सरपंच महादेवराव म्हणाले. “आवतन देलं नं! जेवल्याबिगर पाहुना हाकलते का कोनी?”

“अरे, लोखंड हाय ते!” अण्णाजी बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. “म्हंजे... मले पाहवत नाई रे आता. नेऊन टाका,” म्हणत त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. कोरडेच.

हिरालालही याच मातीतला. त्यानं साखळी उचलून पुन्हा ट्रकमध्ये ठेवली. “आवतन मोडाचं पाप मी नाई घेत. पोळा होऊ द्या, परवा येतो.”

ट्रक गेल्यावर अण्णाजी बायकोवर उखडले. “जिभेले काही हाड हाय का तुह्या?”

“सवयीनं निंघून गेलं जी,” रुख्माबाई म्हणाल्या. “एका दिवसानं काय होते?”

पोळ्याला मोटारीवर झूल पडली. बायका दिवसभर पुरणपोळीची ताटं घेऊन येत राहिल्या. पूजा झाली की स्वयंपाकघरात रुख्माबाईंपाशी बसायच्या आणि हळू आवाजात बोलायच्या. रडत असतील, अण्णाजींना वाटलं. रडा बायांनो, रडा! एवढा दिवस गेला की सुटलो.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी अण्णाजींनी नलूकडे न्यायची पिशवी भरून ठेवली. बाहेर गलका झाला म्हणून ते अंगणात आले. हिरालाल आला होता, पण ट्रक नव्हता. त्याच्या मागे अख्खं गाव होतं.

महादेवराव पुढे झाले. त्यांनी अण्णाजींच्या गळ्यात हार घातला आणि तळहातावर मोटारीची चावी ठेवली.

“हिरालालपासून मोटार गावानं घेतली, अन् गावानं तुमाले देली. परवा रडत होते तुम्ही, आमाले पाहवलं नाई. आता मरेपर्यंत तुमचीच!”

टाळ्या पडल्या. अण्णाजींच्या डोळ्यांत या वेळी खरंच पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदानं.

“हे... हे कोनाच्या डोक्यातलं?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“आमच्या कुठलं जी! बायायचं काम हाय हे. घरोघरच्या बायायनं कापूस वेचणीचे पैसे काढून देले. रुख्मावहिनीनं काल स्वयंपाकघरात बसून जमवले.”

अण्णाजींनी मागे वळून पाहिलं. रुख्माबाई मोटारीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. ते खिडकीशी गेले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “तुले तं सारं माहीत होतं. मंग काऊन केलं तू हे?”

“मोटार गेली असती तं तुम्ही सुटले असते,” रुख्माबाई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. “अन् मी घरीच बसली असती नं जी, जलमभर.”