नरम बुश

गाडी जुनी झाली होती, त्याचं अप्पांच्या थोरल्याला काही नव्हतं. नको होता तो आवाज. स्पीडब्रेकर आला की मागून कुणी कण्हल्यासारखं वाटायचं. अप्पांना याच गाडीतून दवाखान्यात नेलं, तेव्हा मागच्या सीटवर ते असेच कण्हत होते. थोरल्याने गाडी काही हळू केली नव्हती. दवाखाना येण्याआधीच अप्पा गप्प झाले.

"सस्पेन्शनचे बुश गेले असतील," मिस्त्री म्हणाला. "कडक टाकू की नरम? कडक टिकतील. नरम रबर आवाज गिळतं."

"नरमच टाका. डोकं उठलंय माझं."

संध्याकाळी मिस्त्रीने जुने बुश त्याच्या हातात ठेवले. रबराला साधी चीरसुद्धा नव्हती.

"नवे बसवलेत," मिस्त्री नजर चुकवत म्हणाला. "आता हूं की चूं करायची नाही."

खरंच, पहिल्या स्पीडब्रेकरवरून गाडी अलगद उतरली. थोरला खुशीत शीळ घालू लागला.

दुसऱ्या स्पीडब्रेकरला मात्र त्याच्या कमरेतून अशी कळ गेली, की तो कण्हला. थेट अप्पांसारखा.

मागच्या रिकाम्या सीटवरून कुणीतरी वैतागून ओरडलं, "गप्प पडा ना जरा! जीव चाललाय का तुमचा?"

आवाज थोरल्याचाच होता, त्या दिवशीचा.

समोर पुढचा स्पीडब्रेकर दिसत होता. थोरल्याने ब्रेक दाबून धरला होता, आणि गाडी काही हळू होत नव्हती.