अजून मुरली नाही

शिरीषने ग्लासात नाक घातलं, जोरात श्वास ओढला आणि लागोपाठ सात शिंका दिल्या. बिअरचा वास काही आला नाही. ऑक्टोबर लागला, गवताचे पराग उडायला लागले, की ऑस्ट्रेलियातल्या गुंगालिनच्या त्या नव्या वस्तीत निम्मी माणसं शिंकत असायची. त्यात यंदा त्याचं नाक पार बुजून गेलं होतं.

पण चार वाजता कॉलिन येणार होता, आणि त्याच्या आत कागद भरायचा होता.

समोरची बिअर फ्रेंच वळणाची होती. तिकडे शेतावर करतात ती, गडद मधाच्या रंगाची, थंडाव्यात खूप दिवस ठेवून मग उघडायची. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबाची ही स्पर्धा. बाटलीवर करणाऱ्याचं नाव नाही, नुसता नंबर, चौदा. एक बाटली थोरल्या परीक्षकाकडे, म्हणजे कॉलिनकडे, आणि एक शिरीषकडे. दोघांनी आपापल्या घरी चाखायची, पन्नासपैकी मार्क द्यायचे आणि मग कागद ताडून पाहायचे. सातांहून जास्त फरक पडला की नव्या परीक्षकाला नारळ. शिरीष नवा होता. दोन वर्षं क्लबातल्या खुर्च्या मांडून त्याने ही जागा मिळवली होती. मिळाली त्याच दिवशी कॉलिन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एवढं तिखट खाणाऱ्या जिभेला बिअर काय कळणार, मेट?"

शिरीष ग्लास आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेला. मिरजेहून आलेली त्याची आई, नीलाताई, टेपवर कीर्तन लावून वाती वळत बसली होती. बुवांचा पूर्वरंग ऐन भरात होता.

"आई, जरा एक वास बघतेस?"

"कसला?"

"बिअरचा."

टेप बंद झाली. "शिऱ्या, आज शनिवार आहे. मारुतीचा वार."

"प्यायची नाही गं. नुसता वास."

नीलाताईंनी चाळीस वर्षं देवळातल्या उत्सवाचा नैवेद्य रांधला होता. नैवेद्य चाखायचा नसतो, हुंगायचाही नसतो. तरी तीनशे पानांच्या आमटीत मीठ कमी पडलंय हे त्यांना मंडपात कीर्तन ऐकता ऐकता कळायचं, आणि त्या भर आख्यानातून उठून जायच्या. बुवाही समजून घ्यायचे. "वास आपण घ्यायचा नसतो," त्या म्हणायच्या, "तो येतो."

त्यांनी ग्लास आणि बाटली टेबलाच्या पार त्या टोकाला ठेवायला लावली. टेप पुन्हा सुरू केली. डोळे मिटले.

"लिही. जव भाजलेत, मंद आचेवर. गुळाचा पाक, करपायच्या आत उतरवलेला. भाकरीचा पापुद्रा. आणि मागून तळघराची ओल."

"ओल? मग तो दोष झाला."

"दोष कसला मेल्या! गाभाऱ्यात ओल नसते? ती हवीच."

शिरीषने जिभेवर घोट फिरवून पाहिला. कोमट पाणी. तो मुकाट लिहीत राहिला.

बुवांनी उत्तररंगाला हात घातला तशी नीलाताईंच्या कपाळावर आठी आली. "पण मुरलेली नाही रे. लोणचं चौथ्या दिवशी काढलं की फोड वेगळी आणि खार वेगळा, तसं झालंय. करणाऱ्याच्या हाताला चव आहे, पण माणूस उतावळा. आणि बाटली ठेवली होती कपड्यांच्या कपाटात. डांबरगोळ्या, वर पाइपातली तंबाखू. आपल्या पेटीवाल्या गोडबोल्यांच्या कोटाला यायचा ना, अगदी तो वास."

डांबरगोळ्या शिरीषने कागदावर घेतल्या नाहीत. "मार्क?"

"अडतीस. त्यातले दोन त्याच्या कष्टाचे."

चारच्या ठोक्याला कॉलिन आला. बाहेर ऊन होतं, तरी अंगात जाड लोकरी कार्डिगन, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं. त्याने कागद टेबलावर ठेवला. सत्तेचाळीस.

"नऊचा फरक," कॉलिन म्हणाला. "सॉरी, मेट. नियम म्हणजे नियम."

खोटं बोलायची सोय नव्हती, आई दारात उभी होती. शिरीषने सगळं सांगून टाकलं. बंद नाक, आई, टेबलाचं ते टोक, लोणचं.

कॉलिन टेबलावर थाप मारून हसला. "चाखलीसुद्धा नाही? नुसतं लांबून अडतीस?"

नीलाताईंना इंग्रजी बेताचंच कळायचं, पण हसणं कळलं. तरी पाहुणा तो पाहुणा. त्यांनी लाडवाची बशी पुढे केली. लाडू घ्यायला कॉलिन वाकला आणि नीलाताईंचा हात तिथेच थांबला.

वास आला होता.

त्यांनी कार्डिगनकडे पाहिलं. खिशातून डोकावणाऱ्या पाइपाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या चौदा नंबरच्या बाटलीकडे.

"शिरीष, ह्यांना सांग, रांधणाऱ्यानं आपल्या पानाची चव आपण सांगायची नसते."

"आई!"

"सांग. शब्दाला शब्द. आणि डांबरगोळ्याही सांग."

शिरीषने सांगितलं, डांबरगोळ्यांसकट.

कॉलिनचे कान लाल झाले. त्याने खिसा चाचपला, पेन काढलं आणि आपले सत्तेचाळीस खोडले. मग खुर्ची ओढून तो नीलाताईंच्या शेजारी बसला.

"तीन आठवड्यांतच उघडली मी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझ्या आईला विचार ना, मेट, किती दिवस ठेवायला हवी होती?"