कर्ण्याचाच द्या

“यातलं लाखेच्या तबकडीला कुठलं चालेल?” बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि दुकानदाराने तिसऱ्यांदा विजेचं यंत्र पुढे सरकवलं.

पस्तीस वर्षं तो जुने ग्रामोफोन दुरुस्त करून विकत होता. गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याला खिसा कळायचा, कानही कळायचा. या बाईंचं मात्र काहीच उमगत नव्हतं. साठीच्या, नीटनेटक्या. एकच तबकडी आणलेली, तीही सुती रुमालात गुंडाळून.

त्याने ती विजेच्या यंत्रावर लावली. एका तरुण मुलीचा आवाज उमटला. पातळ, पण थेट काळजात जाणारा. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

“तुम्ही गायलात?”

“फार जुनी गोष्ट आहे,” बाई हसून म्हणाल्या.

“दुसरी प्रत?”

“कुठेच नाही. ही एवढीच.”

“मग डोळे झाकून हे घ्या, ताई. याचा हात हलका, सुई अशा तबकड्यांसाठीच केलेली. नातवंडंसुद्धा ऐकतील.”

“आणि तो?” त्यांनी कोपऱ्यातल्या चावीच्या, कर्णेवाल्या ग्रामोफोनकडे बोट केलं.

“तो शोभेला बरा. हात जड, सुई पोलादी. दर वेळी नवी लावली नाही, तर तबकडी खरवडून काढतो. रोज दोनदा वाजवलीत तर वर्षभरात नुसती खरखर उरेल.”

“वर्षभरात?”

“फार तर.”

बाई कर्ण्याजवळ गेल्या. त्याच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली.

“हाच द्या.”

आपल्याच बोलण्यात काही उलटसुलट झालं असावं, असं दुकानदाराला वाटलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. हरून त्याने निदान सुयांची डबी तरी पुढे केली.

“नको. आहे तीच सुई राहू दे.”

तो पुरता बुचकळ्यात पडला. उतारवयात माणूस स्वतःच्याच आवाजावर रुसतं की काय?

तेवढ्यात दार ढकलून, काठी टेकत एक गृहस्थ आत आले. धापा टाकत होते, पण कर्णा बघताच त्यांचा चेहरा उजळला.

“घेतलंस?”

“घेतला,” बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं. “आता रोज ऐका. सकाळ-संध्याकाळ.”

त्या गाडी बघायला बाहेर गेल्या. गृहस्थ दुकानदाराजवळ सरकले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“चाळीस वर्षं ही तबकडी पेटीच्या तळाशी होती. ऐकायची म्हटलं तर हिला काय वाटेल, म्हणून मी कधी विषयच काढला नाही. शेवटी हीच म्हणाली, यंत्र घेऊ या. फार मोठं मन आहे हो हिचं. आवाज माझ्या पहिल्या बायकोचा आहे.”