पाखराचा वाटा

अख्खा वॉर्ड सकाळपासून चार वर्षांच्या एका पोरीच्या पादण्याची वाट बघत होता.

सोदामच्या आतड्यात पर्सिमन फळाच्या गराचा लिंबाएवढा गोळा अडकला होता, दगडासारखा घट्ट. पोट कापून तो काढला, पण आतडं अजून रुसलेलंच होतं. वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. संध्याकाळपर्यंत सरला नाही, तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल असं डॉक्टर सांगून गेले होते.

फळं बोंगसू आजोबांची. चार फळं पाखरांसाठी झाडावर सोडायची त्यांच्या गावची रीत. नात मात्र वळचणीला वाळत टांगलेल्या फळांच्या माळांखाली यायची, ‘मीपण पाखरू’ म्हणून चोच उघडायची आणि आजोबा विरघळून एखादं फळ तिला भरवायचे. अर्धवट वाळलेल्या तुरट फळानं पोट बांधतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. दगड होतो हे नव्हतं. ऑपरेशनपासून सून ह्येवॉन त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आजोबांनी नातीला पुन्हा एकदा कॉरिडॉरमधून चालवून आणलं, खाटेवर निजवलं आणि तिच्या सपाता उचलायला वाकले. तेवढ्यात आवाज झाला. चांगला खणखणीत.

शेजारच्या खाटेजवळची बाई टाळ्या पिटत उठली. “सुटली गं पोर! नर्सबाईंना हाक मारा, पेज मागवा.” ह्येवॉन लेकीला बिलगून रडायलाच लागली.

आजोबांचे कान लाल झाले. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण बंद आतड्यात पेज गेली तर?

“थांबा,” ते म्हणाले. “तो माझा होता.”

वॉर्ड खो खो हसला. ह्येवॉन हसली नाही. डोळे पुसून ती परत खुर्चीत बसली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं आजोबांना झालं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, फिकं झालं. डॉक्टरांची यायची वेळ झाली. आणि पांघरुणाखालून बारीकसं ‘पुस्स’ आलं.

कुणी हललं नाही. सगळ्या नजरा आजोबांकडे वळल्या.

“मामंजी,” ह्येवॉन खुर्चीतून उठली, “खरं सांगा. तुमचा?”

“नाही गं. या वेळी नाही.”

सोदामनं पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. “माझा,” ती रुबाबात म्हणाली, आणि आजोबांकडे बघून चोच उघडली.