चार मुठी शेपू

"शेपू चार मुठी आणि मूगडाळ पाव वाटी, एवढंच सांगितलं होतं मी," कुमुदताई ताटाकडे बघत म्हणाल्या. "अहो, यात डाळ कुठाय? नुसतं गवत शिजवलंत!"

वामनरावांनी चारच मुठी घेतल्या होत्या, पण स्वतःच्या. अर्धांगवायूने बायकोचा उजवा हात गेल्यापासून ते पुस्तकं मिटून स्वयंपाक शिकत होते आणि रोज काहीतरी बिघडत होतं. मुलाने तर फोनवर सांगूनच टाकलं होतं, "बाबा, तुम्हाला नाही जमायचं. रविवारी गाडी घेऊन येतो. आता दोघं इकडेच राहा." घर सोडायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं. पण मुलाचंच खरं असेल असं वाटून वामनराव गप्प बसले होते.

ते उठले. उरलेला चिरलेला शेपू आणि वजनकाटा त्यांनी टेबलावर आणून ठेवला.

"डावा हात दे."

"आता माझा हात तोलणार?"

"मूठ भर फक्त."

कुमुदताईंनी मूठभर शेपू काट्यावर सोडला. तीस ग्रॅम. मग त्यांनी स्वतःची मूठ सोडली. पंचावन्न.

"हात आहे की फावडं!" कुमुदताई हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकशेवीस ग्रॅम शेपू तोलून भाजी केली. कुमुदताईंनी पुन्हा ताट पुढे केलं.

वामनरावांनी मुलाला फोन लावला.

"शिरीष, रविवारी ये. जेवायला ये. न्यायला येऊ नकोस."