पाण्यातला हात

"यात मासा वगैरे आहे का एखादा?" टाकी विकत घ्यायला आलेल्या कदमांनी काचेला नाक लावत विचारलं.

"नाही. नुसती प्रवाळं," मृदुला म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ श्रीरंग गेल्यापासून सांगलीच्या त्या घरात ती एकटीच होती. दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी त्याची. त्यातली मऊ, फांद्याफांद्यांची प्रवाळं तो लेकरांसारखी जपायचा. रोज दुपारी बाह्या सरसावून आतून काच पुसायचा. त्याचा हात लागला की फांद्यांवरची इवली फुलं पटकन मिटायची, मग सावकाश उमलायची. "माझ्या मागे यांचं कसं होईल गं, ताई?" असं तो शेवटी शेवटी सारखा विचारायचा. तिला मात्र त्या जिवंत झाडांची शिसारी यायची.

आता पाण्यात दुसरं काहीच नसताना डावीकडची एक फांदी मिटली. मग तिच्या शेजारची. मग पुढची. अगदी कुणीतरी काचेवरून हात फिरवत चालल्यासारखं.

कदमांचा चेहरा उतरला. "नंतर फोन करतो," असं पुटपुटत त्यांनी चपला पायात सरकवल्या.

दार लागलं. मृदुला टाकीपाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्या पाण्यात हात घातला.

"श्रीरंग?"

फांद्या मिटायच्या थांबल्या. क्षणभराने पुन्हा मिटू लागल्या, पण आता उलट्या दिशेने, एकेक करत, तिच्या बोटांकडे.

मृदुलाने हात काढला नाही.