मॅनिटोबाची राजधानी

राजारामपुरीतलं दुकान उघडलं, की तवनाप्पा गल्ल्याखालचं पुस्तक काढायचे. लेक आदिती कॅनडाच्या नागरिकत्वाची परीक्षा देणार होती आणि रोज फोनवर तिची उजळणी घ्यायचं काम त्यांच्याकडं होतं.

"मॅनिटोबाची राजधानी?"

"टोरांटो?"

"चुकलीस की! विनिपेग! कवा पास व्हणार तू?" आवाज समोरच्या दवाखान्यापर्यंत जायचा.

परवा जावयाच्या तोंडून निसटलं, "मामा, ती महिन्यापूर्वीच पास झाली. वीसपैकी वीस!"

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. तवनाप्पांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं.

"मॅनिटोबाची राजधानी?"

"टोरांटो?"

"न्हाय जमत तुला! अजून वर्षभर तरी तयारी करावी लागंल बघ, पोरी!"